एमजीबीचा डायनॅमो उतरवून अल्टरनेटर चढवताना

१९६२पासून १९६७च्या अखेरीपर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये बॅटरी चार्ज करणारा लुकास कंपनीचा सी-४० डायनॅमो आहे, आणि त्यांच्या बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे, म्हणजे त्या प्लस अर्थच्या आहेत. माझी गाडी १९६५ची. कॉव्हेंट्रीत पावसाळी संध्याकाळी ती बाहेर काढली की हिशेब सरळ असतो. हेडलाइटचे ६० वॉटचे दोन बल्ब दहा अँपिअर घेतात. मागचे-पुढचे छोटे दिवे आणि डॅशबोर्ड मिळून तीन, इग्निशनला साडेतीन-चार, वायपरला तीन, हीटरच्या पंख्याला चार-पाच, पेट्रोलच्या पंपाला एखादा. बेरीज पंचविसाच्या आसपास जाते. डायनॅमोची कमाल ताकद २२ अँपिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला उभं राहिलं की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, हेडलाइट पिवळे पडतात आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकांच्या दुकानात मी आर्मेचर वाइंडिंग करायला शिकलो. तिथे अँबेसेडरचे आणि ट्रॅक्टरचे डायनॅमो यायचे. अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधली. त्यामुळे इथे पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा वॉटर पंपाशेजारी बसलेला तो लांबोडा डायनॅमो मला अनोळखी वाटला नाही. मला डायनॅमोबद्दल आदर आहे. तो दुरुस्त होतो, उघडता येतो, कार्बन बदलले आणि कम्युटेटर घासला की पुन्हा उभा राहतो. पण गाडी रात्री, पावसात, गर्दीत चालवायची असेल तर तो पुरत नाही. आणि या गाड्या चालत्या राहाव्यात असं मला फार मनापासून वाटतं.

उपाय त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलमध्ये आहे. १९६७च्या अखेरीस एमजीबीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात लुकासचा १६एसी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचं मायनस टोक बॉडीला गेलं. त्या पहिल्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, वेगळ्या डब्यात होता. थोड्याच काळात १६एसीआर आला, ज्याच्या पोटातच रेग्युलेटर आहे. तो ३४ अँपिअरचा. पुढे ३६चा १७एसीआर, आणि रबरी बंपरच्या शेवटच्या गाड्यांवर ४३ अँपिअरचा १८एसीआर. मी १८एसीआर घ्या म्हणतो. रेग्युलेटर आत असल्यामुळे वायरिंग सोपं होतं, आणि ४३ अँपिअर या गाडीला भरपूर झाले. ऐंशीच्या दशकातल्या फोर्ड आणि रोव्हर गाड्यांवरचा लुकासचा ए-१२७ही काही जण बसवतात, तो ५५ ते ७० अँपिअर देतो. पण त्याचे कान (बोल्ट घालायच्या जागा), पुली आणि जोडण्या जुळवण्यात वेळ जातो, आणि एमजीबीचा अरुंद पट्टा तेवढा भार सुखाने ओढत नाही. गाडीत एसी किंवा मोठा अँप्लिफायर नसेल तर त्या वाटेला जायचं कारण नाही.

काम सुरू करण्याआधी माझा एक आग्रह आहे. मूळ वायरिंगची एकही वायर कापायची नाही. डायनॅमो, त्याचा ब्रॅकेट, बोल्ट, कटआउट (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा डबा), सगळं जपून ठेवायचं. साठ वर्षं टिकलेली वायरिंग आपल्या हातून तुकडे होऊन पुढच्या माणसाकडे जाऊ नये. खाली सांगतो ती पद्धत तशीच आखलेली आहे: उद्या कोणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असेल तर संध्याकाळपर्यंत आणता येईल.

आधी अर्थ पालटा, अल्टरनेटर नंतर

पुष्कळ जण दोन्ही कामं एकाच दिवशी करतात. मी तसं करू नका म्हणेन. आधी गाडी मायनस अर्थवर आणा, म्हणजे बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडा, डायनॅमो तसाच ठेवून चार-आठ दिवस चालवा, सगळं नीट चालतंय याची खात्री झाली की मगच अल्टरनेटर चढवा. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर दोष पोलॅरिटीचा की नव्या वायरिंगचा हे शोधताना डोकं फिरतं. शिवाय डायनॅमो चुकीची जोडणी थोडी तरी सोसतो. अल्टरनेटर सोसत नाही. बॅटरी उलटी लागली की त्यातले डायोड क्षणात जातात.

एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागच्या फळीखाली, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन बाजूंना असतात आणि सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. दोन्ही उचलून फिरवून ठेवायच्या. पण इथे एक अडचण येते. बॅटरीचं प्लसचं टोक मायनसपेक्षा जाड असतं, म्हणून जुन्या वायरींचे क्लँप अदलाबदल करून बसत नाहीत. एक ढिला राहतो, दुसरा शिरत नाही. ढिल्या क्लँपमध्ये पत्र्याचा तुकडा कोंबू नका, नवे क्लँप लावा. जुन्या वायरी पाहून घ्या, तांबं हिरवं पडलं असेल तर वायरच बदला. मी दोन सहा व्होल्टच्या काढून एका बाजूच्या खड्ड्यात बारा व्होल्टची एकच बसवली आहे. मधली जोडवायर गेली, सांधे कमी झाले, आणि थंडीत सेल्फ जोरात फिरतो.

आता कशाकशाला पोलॅरिटीशी देणंघेणं आहे ते बघू. सेल्फला नाही, दिव्यांना नाही, हॉर्नला नाही. हीटरचा पंखा एखाद्या गाडीत उलटा फिरायला लागतो, वारा कमी आला की त्याच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. पेट्रोलचा एसयू पंप पॉइंट आणि कंडेन्सरवाला असेल तर त्याला फरक पडत नाही. पण नंतरच्या पंपांत पॉइंटवरची ठिणगी दाबायला डायोड असतो, आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक पंपही मिळतात. त्यांच्यावर कोणत्या अर्थसाठी आहे ते लिहिलेलं असतं, वाचल्याशिवाय बॅटरी जोडू नका. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं असेल तर तेही तसंच. जुना रेडिओ असेल तर त्याची वायर काढून ठेवा.

इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. जुन्या कॉइलवर प्लस-मायनस लिहिलेलं नसतं, ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरं असतात, म्हणजे स्विचकडची आणि कॉन्टॅक्ट ब्रेकरकडची. ती प्लस अर्थच्या गाडीसाठी बनलेली असते. मायनस अर्थवर स्विचकडून येणारी पांढरी वायर ‘सीबी’ला आणि डिस्ट्रिब्युटरला जाणारी पांढरी-काळी ‘एसडब्ल्यू’ला लावायची. न बदलताही गाडी सुरू होते, त्यामुळे अनेकांच्या हे लक्षात येत नाही. पण प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकावरून ठिणगी निघायला कमी व्होल्टेज लागतं, ते टोक मायनस राहायला हवं. उलटं राहिलं तर चढावर, जोर पडल्यावर मिसफायर होतो आणि माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो.

राहिला टॅकोमीटर. साधारण १९६४च्या अखेरीपर्यंतच्या, तीन बेअरिंगच्या इंजिनाच्या गाड्यांत तो केबलवर चालतो, त्याला काही करावं लागत नाही. पाच बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हा स्मिथ्सचा इलेक्ट्रॉनिक आला, आणि त्याला पोलॅरिटी कळते. त्याच्या मागे पांढऱ्या वायरीचा एक वेढा प्लॅस्टिकच्या चिमट्यातून जातो. त्या वेढ्यातून कॉइलचा करंट वाहतो आणि त्यावरून काटा हलतो. मीटर बाहेर काढून त्याची कड हलक्या हाताने सोडवा. आत सप्लायच्या पट्टीला जाणारी वायर आणि खोक्याला, म्हणजे अर्थला जाणारी वायर, या दोन्हींची जागा बदलून सोल्डर करा. मग बाहेरच्या पांढऱ्या वेढ्याची दिशाही उलटी करा. दोन्ही केलं तरच काटा बरोबर चालतो. आतल्या पातळ वायरी जुन्या आणि कडक झालेल्या असतात, म्हणून टोकदार सोल्डरिंग आयर्न वापरा आणि वायर ओढू नका.

आता डायनॅमोला नवी पोलॅरिटी शिकवायची. डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरीच्या प्लसवरून एक वायर आणून डायनॅमोच्या छोट्या ‘एफ’ टोकाला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडते. आतल्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व त्या दिशेने फिरतं. वायरी परत लावा, गाडी सुरू करा, लाल दिवा विझला की काम झालं.

चढवण्याचं काम

नव्या अल्टरनेटरबरोबर त्याच्या गाडीचा मागचा ब्रॅकेट, ताण द्यायची चापाची पट्टी, पंखा, पुली आणि तीन टोकांचा प्लग हे सगळं मिळवा. एकट्या अल्टरनेटरसाठी स्वस्तात पैसे देऊन मग ब्रॅकेट शोधत फिरणं महागात पडतं. घेताना समोरून, पुलीच्या बाजूने बघून त्याची बाजू तपासा. या अल्टरनेटरमध्ये डावा आणि उजवा असे दोन प्रकार असतात, ताण द्यायचा कान कोणत्या बाजूला आहे त्यावरून ते ठरतं. एमजीबीत तो इंजिनाच्या उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला बसतो. चुकीचा आला तर मागचे लांब बोल्ट सोडून पुढचं तोंड फिरवता येतं, पण आतली गुंडाळी आणि कार्बन सांभाळावे लागतात. ज्याने हे कधी केलं नाही त्याने बरोबर बाजूचाच मागवावा.

बॅटरीची वायर काढा. दोन्ही कामांत पहिली पायरी हीच, आणि ती सोडून एकही पाना हातात घेऊ नका. पट्टा ढिला करून उतरवा, डायनॅमोच्या दोन वायरींवर चिकटपट्टी लावून नावं लिहा, वरचे बोल्ट आणि खालचा ताणाचा बोल्ट काढून डायनॅमो बाहेर घ्या. तो वजनदार आहे, शेवटचा बोल्ट निघताना खाली हात ठेवा.

अल्टरनेटर डायनॅमोपेक्षा आखूड आहे. पुढचा कान वॉटर पंपावरच्या त्याच जागी येतो, मागच्या कानासाठी ब्लॉकवर नंतरच्या मॉडेलचा ब्रॅकेट लागतो. ब्रॅकेट लावा, अल्टरनेटर हाताने धरा, बोल्ट नुसते सरकवा, घट्ट करू नका. आता मागचा कान आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये किती फट राहते ते बघा. कामातली खरी नाजूक जागा हीच आहे. फट राहिलेली असताना बोल्ट आवळला की अॅल्युमिनियमचा कान वाकून ब्रॅकेटला टेकतो. टेकलेला दिसतो, म्हणून माणूस समाधानाने बॉनेट बंद करतो. इंजिनाच्या कंपनाने काही महिन्यांत त्या कानाच्या मुळाशी केसासारखी भेग पडते, मग एक दिवस कान तुटून अल्टरनेटर पट्ट्यावर लोंबकळतो. मला दाखवायला आणलेल्या तुटलेल्या कानांच्या अल्टरनेटरांत हेच कारण पुन्हा पुन्हा दिसलं.

फट फीलर गेजने मोजा. तेवढ्याच जाडीची स्टीलची वाटी, म्हणजे स्पेसर, बनवा किंवा वॉशर रचा. मी जाड पाइपचा तुकडा थोडा मोठा कापतो आणि बारीक कानशीने घासत घासत आणतो, प्रत्येक वेळी जागेवर घालून बघतो. बोटाने ढकलला की जरासा अडत आत जायला हवा. खडखडला तर कमी झाला, हातोडी लागली तर जास्त झाला. काही अल्टरनेटरच्या मागच्या कानात सरकणारी बुश असते, ती थोडी फट आपोआप भरते. तिथे पुढचा बोल्ट आधी आवळायचा आणि मागचा नंतर, म्हणजे बुश सरकून बसते.

बोल्टचे आटे हातानेच घालून बघा. ताणाच्या कानात काही वेळा पाच-सोळांश इंचाचे आटे असतात, दुरुस्त होऊन आलेल्या किंवा नव्या बनावटीच्या तुकड्यात आठ मिलिमीटरचे. दोन्हींची जाडी जवळपास सारखी, ७.९४ आणि ८ मिलिमीटर, म्हणून चुकीचा बोल्टही दोन-तीन फेरे शिरतो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की आटे गेलेच.

आता पट्ट्याची रेघ. क्रँकची पुली, वॉटर पंपाची पुली आणि अल्टरनेटरची पुली या तिन्हींच्या तोंडांवर स्टीलची सरळ पट्टी धरा. तिन्ही एका रेघेत यायला हव्यात. दीड-दोन मिलिमीटरचा फरकही पट्ट्याला कळतो, तो किंचाळतो आणि एका कडेने झिजतो. फरक असेल तर पुलीमागे किंवा पुढच्या कानाशी वॉशर घालून काढा, पट्टा ओढून नाही. अल्टरनेटरची पुली डायनॅमोपेक्षा लहान असते, म्हणून पट्ट्याची लांबी बदलू शकते. नवा पट्टा पुली बसवल्यावर मोजून घ्या. ताण सगळ्यात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बघायचा: तेरा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्धा इंच दबला पाहिजे. ताण देताना अल्टरनेटरला पुढच्या तोंडाजवळच रेटा द्या आणि लाकडाचा दांडा वापरा. मागच्या बाजूने पहारीने रेटलं तर स्टेटर चेपतो.

लहान पुली का चालते तेही सांगतो, कारण सगळी सुधारणा त्यातच आहे. डायनॅमोत सगळा करंट फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होतो आणि कम्युटेटरवरून कार्बनमधून बाहेर येतो. फार वेगाने फिरवला तर गुंडाळी खाचांतून बाहेर फेकली जाते, म्हणून त्याला मोठी पुली देऊन हळू फिरवावं लागतं. अल्टरनेटरमध्ये उलटं आहे. फिरतो तो फक्त चुंबक, त्याच्या कार्बनमधून दोन-तीन अँपिअरच जातात, आणि मोठा करंट बाहेरच्या स्थिर गुंडाळीत तयार होतो. त्यामुळे तो बिनधास्त वेगाने फिरवता येतो, आणि इंजिन आयडलवर असतानाही बॅटरी चार्ज होते.

वायरिंग, एकही वायर न कापता

अल्टरनेटरच्या मागे तीन पट्ट्या आहेत. दोन रुंद, त्या आतून एकमेकींना जोडलेल्या आणि दोन्ही प्लस. एक अरुंद, ती चार्जिंगच्या लाल दिव्यासाठी. एवढंच.

डायनॅमोची जाड तपकिरी-पिवळी वायर प्लससाठी वापरता येते असं कोणी सांगेल. वापरू नका. ती २२ अँपिअरसाठी आहे. रात्री रिकाम्या बॅटरीवर गाडी सुरू केली की १८एसीआर चाळीस अँपिअर ढकलतो, आणि वायर तापते. अल्टरनेटरपासून थेट सेल्फच्या सोलेनॉइडवर, जिथे बॅटरीची जाड वायर येते त्याच बोल्टवर, नवी वायर न्या. ८.५ चौरस मिलिमीटरची, ६० अँपिअर सोसणारी, तपकिरी रंगाची घ्या, म्हणजे पुढच्या माणसाला रंगावरून कळेल. सोलेनॉइडच्या टोकाजवळ ६० अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूज त्या बाजूला का? वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर मोठा करंट बॅटरीकडून येणार आहे, त्यामुळे अडवायचं तिथेच. वायर एक्झॉस्टपासून दूर ठेवा, पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट घाला आणि पूर्ण लांबीला स्लीव्ह चढवा. वायरीच्या टोकाची थिंबल चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा. नुसती साध्या पकडीने चेपलेली थिंबल वरून ठीक दिसते, आत तांबं सैल असतं.

आता बॉनेटखालच्या कटआउटकडे या. आरबी-३४० नावाचा तो काळा डबा जागेवरच राहू द्या. त्याच्या ‘बी’ टोकावर जेवढ्या तपकिरी वायरी आहेत त्या तिथेच ठेवा. सगळ्या गाडीला करंट तिथून वाटला जातो, डबा आता फक्त जंक्शनचं काम करेल. ‘डी’वरची जाड तपकिरी-पिवळी काढा, दोन्ही टोकांवर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून ती गुंडाळून बांधून ठेवा. ‘एफ’वरची तपकिरी-हिरवी काढा, ‘डब्ल्यूएल’वरची बारीक तपकिरी-पिवळीही काढा, आणि या दोघींना एका छोट्या जोडतुकड्याने एकमेकींना जोडा. झालं. डायनॅमोकडे जाणारी तपकिरी-हिरवी वायर आता लाल दिव्याची वायर बनली. तिचं इंजिनाकडचं टोक अल्टरनेटरच्या अरुंद पट्टीवर लावा.

प्लग बसवताना त्याची स्प्रिंगची पट्टी खट्ट बसली का ते बघा. नवी इलेक्ट्रिक फॅन, जादाचे दिवे असलं काही लावायचं असेल तर त्याचा करंट कटआउटच्या जुन्या तपकिरी वायरींतून घेऊ नका, सोलेनॉइडवरून वेगळ्या फ्यूज आणि रिलेमधून घ्या. जुन्या एमजीबीत दोनच फ्यूज आहेत आणि मुख्य तपकिरी लाइनवर एकही नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं असतं. त्याला जोडणारी विणलेली तांब्याची अर्थ पट्टी काढा, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, नवी मिळाली तर नवीच लावा. चाळीस अँपिअर जेवढे प्लसकडून जातात तेवढेच या पट्टीतून परत येतात.

तपासणी

बॅटरी जोडा. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. लाल दिवा लागलाच पाहिजे. हा दिवा फक्त सूचना देणारा नाही, त्याच्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरच्या चुंबकाला पहिली चालना देतो. तो २.२ वॉटचा साधा बल्बच हवा. एलईडी लावला तर तेवढा करंट जात नाही, आणि अल्टरनेटर जागा व्हायला इंजिन खूप रेस करावं लागतं किंवा तो जागाच होत नाही. डॅशबोर्डचे बाकीचे बल्ब हवे तर एलईडी करा, हा एक सोडा.

इंजिन सुरू करा, थोडं रेस करा, दिवा विझेल. मल्टिमीटर बॅटरीवर लावा. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ असते. आता १४ ते १४.५ दिसायला हवं. हेडलाइट, वायपर, हीटर सगळं लावा, तरी १३.५च्या खाली जाऊ नये. मग मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या प्लसवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर धरा, दिवे चालू ठेवून. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठे तरी सांधा खराब आहे. तसंच अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा मायनस यांच्यात बघा, पाव व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर अर्थ पट्टीकडे परत जा.

दिवा विझतो, पण हेडलाइट लावल्यावर हलका उजळतो, असं बऱ्याच जणांना दिसतं आणि ते अल्टरनेटर बदलायला जातात. थांबा. या दिव्याच्या एका बाजूला अल्टरनेटर आणि दुसऱ्या बाजूला इग्निशन स्विचवरून आलेला करंट असतो. दोन्हींत फरक पडला की दिवा उजळतो. साठ वर्षांच्या इग्निशन स्विचमध्ये किंवा तपकिरी वायरींच्या सांध्यांत व्होल्टेज गळत असेल तर अल्टरनेटर निर्दोष असूनही दिवा मिणमिणतो. कॉइलच्या पांढऱ्या वायरीवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा व्होल्टभर कमी निघालं तर दोष स्विचकडे आहे. तिथे काही सापडलं नाही तरच अल्टरनेटरच्या डायोडांवर संशय घ्या. किल्ली काढल्यावरही दिवा लागून राहिला तर मात्र डायोड शॉर्ट आहे, लगेच बॅटरीची वायर काढा, नाही तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ बघायची सवय डायनॅमोच्या काळातली आहे. ती सोडून द्या. अल्टरनेटरचा भार अचानक तुटला की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड जातात. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी अल्टरनेटरचा प्लग काढा.

पहिल्या शंभर मैलांनंतर पट्टा पुन्हा दाबून बघा, नवा पट्टा सैल होतोच. त्याच वेळी मागच्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि सोलेनॉइडवरची थिंबल हाताने हलवून बघा. काढलेल्या डायनॅमोच्या मागच्या भोकात तेलाचे थेंब टाका, शाफ्ट फिरवा, ‘डी’ आणि ‘एफ’वर नावं लिहून, जुना ब्रॅकेट आणि बोल्टसकट एका पिशवीत बांधून ठेवा. आणि बॉनेटखाली, कटआउटच्या झाकणावर, सहज दिसेल अशा जागी ‘मायनस अर्थ’ अशी चिठ्ठी चिकटवा. कटआउट जागेवर दिसतो, गाडी १९६५ची आहे, त्यामुळे अनोळखी मेकॅनिक ती प्लस अर्थची समजून जंपर केबल लावेल, आणि अल्टरनेटरमधले सगळे डायोड एका क्षणात जातील.